वाळवणाच्या पुस्तकाची कर्ती कोण

जळगावच्या आमच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी संगणकावर चढवायला सुरुवात झाली, तेव्हा त्यातलं सगळ्यात किचकट काम माझ्या वाट्याला आलं. पुस्तकाशी ज्याचा ज्याचा संबंध असेल त्याच्या नावापुढे त्याने नेमकं काय केलं ते लिहायचं असतं. लिहिलं, जमवलं, तपासलं, चित्रं काढली, जे असेल ते. ही यादी सॉफ्टवेअरमध्ये इंग्रजीत होती. ग्रंथपाल सर म्हणाले, “तुम्ही मराठी करा. वाचकाला कळलं पाहिजे.”

वर दोन मोठे गट होते. पुस्तक ज्याचं, तो एक. ज्यांनी हातभार लावला, ते दुसरे. पहिल्याला मी ‘निर्माता’ लिहिलं तर सर म्हणाले, “सिनेमा काढतोय का आपण?” ‘सर्जक’ लिहिलं तर काउंटरवरची सहकारी हसली. म्हणे, लोक ‘सर्जन’ वाचतील, वाटेल डॉक्टरचं पुस्तक आहे. शेवटी ‘कर्ता’ ठरलं. मला ते टोचत होतं, कारण आमच्याकडे कर्ता म्हटलं की घरचा कर्ता पुरुषच डोळ्यांपुढे येतो. दुसऱ्या गटाला ‘सहकार्य’ म्हटलं आणि त्याखाली संपादक, संकलक, अनुवादक, शब्दांकन अशी नावं लावली. काम संपलं असं वाटून मी जरा सैल झाले होते, तेवढ्यात वाळवणाचं पुस्तक आलं.

पापड, कुरडया, बिबडे, मंगोड्या, सांडगे असं सगळं त्यात होतं. घरच्या घरी छापून घेतलेलं, आतल्या पानावर एका बाईंचं नाव, बस. देणगी म्हणून आणून देणारी आमची जुनी सभासद होती. चाळिशीतली, मेहरूणला राहणारी, सासरचं किराण्याचं मोठं दुकान. माहेर धुळ्याचं, तिथे मराठी शाळेत शिकलेली. पुस्तकावरचं नाव तिच्या सासूबाईंचं होतं.

मी नोंद केली आणि कौतुकाने स्क्रीन तिच्याकडे वळवली. तिने वाचलं आणि विचारलं, “ताई, यात माझं नाव कुठे टाकता येईल?”

“तुमचं नाव पुस्तकावर नाहीये ना.”

“नाहीये. मिस्टरांनी आईंच्या वाढदिवसाला छापून घेतलं. मला पुस्तक हातात आल्यावरच कळलं कुणाचं नाव आहे ते. पण लिहिलं मी आहे.”

माझी यादी माझ्या कामी आली म्हणून मला बरंच वाटलं. म्हटलं, “मग शब्दांकन लिहू. त्यांनी सांगितलं, तुम्ही लिहिलं.”

ती म्हणाली, “त्या सांगायच्या कुठे? हाताने दाखवायच्या. एवढं मीठ, एवढा खार. मी त्यांच्या मुठीखाली वाटी धरायची आणि काट्यावर तोलायची. मग वरच्या गच्चीवर जाऊन पुन्हा करून बघायची. बिघडलं की पुन्हा. बोलायच्या त्या मारवाडीत, मी लिहिलं मराठीत. त्याला काय म्हणतात तुमच्याकडे?”

मी यादीत वरखाली केलं. अनुवादक अर्धं बसत होतं, संपादक पाव. शेवटी शब्दांकनच टाकलं, आणि नियमाप्रमाणे चौकोनी कंसात. जे पुस्तकात छापलेलं नाही, आपण बाहेरून कळून घालतो, ते कंसात जातं. तिने कंसावर बोट ठेवलं. “हे कशाला?” मी सांगितलं.

“म्हणजे तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलाय, पण पूर्ण नाही,” ती म्हणाली आणि पिशवी उचलून गेली.

त्या शनिवारी धुळ्याला माहेरी जाताना एसटीत मला पुस्तक वाचवेना. पारोळ्यापर्यंत शब्द जुळवत होते. कृती-लेखन? प्रमाण-निश्चिती? सरकारी कागदासारखं वाटत होतं सगळं. घरी आईला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, “तुले काय करनं शे? त्या दोन्ही देखी लेतीन.” त्या दोघींचं त्या बघून घेतील, म्हणे. पण मला चैन पडेना. जळगावला परतल्यावर नवऱ्याने काही विचारलं तरी माझं उत्तर भलतंच जात होतं.

सोमवारी सरांना म्हटलं, सासूबाईंना विचारून येऊ का? सर म्हणाले, “आपण पुस्तकाला विचारायचं, माणसाला नाही. माणसं रोज वेगळं सांगतात.” पटलंही मला. तरी संध्याकाळी मी तलावाच्या कडेने मेहरूणला गेलेच.

सासूबाई झोपाळ्यावर बसल्या होत्या. काळ्या फ्रेमच्या चष्म्यातून त्यांनी मला नीट पाहिलं, बसवलं, भाजलेला पापड पुढे ठेवला. मी सावरत सावरत विचारलं, “मावशी, पुस्तक कुणी लिहिलं म्हणून नोंद करू?”

“मी कधी म्हटलं मी लिहिलं म्हणून? मला मराठी लिहिता येतं कुठे बेटा?” त्या म्हणाल्या. मग पापडाकडे हात करून, “पण पुस्तकातला पापडसुद्धा माझा नाही. माझ्या पापडाला वजन नव्हतं. पीठ ओलं किती, हवा कशी, ते बघून हात ठरवायचा. बीनणीने, माझ्या सुनेने, सगळं ग्रॅममध्ये बसवलं. मला विचारलं नाही, बसवलं.”

“मग चुकलं का?”

“चुकलं नाही. तिने नसतं लिहिलं तर माझ्याबरोबर गेलं असतं. लिहिलं म्हणून राहिलं. पण जे राहिलं ते दुसरंच आहे. त्याला काय शब्द आहे तुझ्याकडे?”

तेवढ्यात सून चहा घेऊन बाहेर आली. मला पाहून तिचा चेहरा उतरला.

“ताई, तुम्ही घरी कशाला आलात?” आणि सासूबाईंकडे वळून भराभरा, “मी सहज विचारलं होतं आई. तसं काही नाही. नावाबिवाचं काही नाही माझं.”

सासूबाई सुनेकडे बघत राहिल्या. मी गरम चहा कसाबसा संपवला आणि उठले. रिक्षा मिळत होती तरी चालतच निघाले. आपण कुणाचं भलं करायला गेलो होतो की आपली नोंद पुरी करायला, हे मला ठरवता येईना.

आठवडाभराने दुपारी सासूबाई स्वतः ग्रंथालयात आल्या, दुकानातल्या माणसाचा हात धरून, जिना थांबत थांबत चढून. पुस्तक मागितलं. मी दिलं. त्यांनी ब्लाउजमध्ये खोचलेलं पेन काढलं आणि आतल्या पानावर स्वतःच्या नावाखाली मोठ्या, वाकड्या देवनागरीत सुनेचं नाव लिहायला सुरुवात केली. सर केबिनमधून धावत आले. “अहो मावशी, ग्रंथालयाचं पुस्तक आहे, त्यावर लिहायचं नसतं!”

“ज्याने पुस्तक केलं त्याने पण नाही?” त्यांनी विचारलं, आणि नाव पूर्ण केलं. पुढे कोण, काय, एक अक्षर लिहिलं नाही. मी म्हटलं, “मावशी, यांनी काय केलं ते पण लिहा ना.” त्या म्हणाल्या, “ते तू शोध. तुझं काम आहे.”

आता नाव पुस्तकावर होतं, तेही कर्तीच्या हातचं. मी कंस काढला. सर हरकत घेतील असं वाटलं, पण ते नुसते मान हलवून गेले. दोन्ही नावं पहिल्या गटात टाकली. भूमिकेचा रकाना रिकामा ठेवायला गेले तर सॉफ्टवेअर नोंद घेईना. खूप वेळ खालीवर करून दोघींपुढे ‘लेखिका’ लिहिलं. सासूबाईंना मराठी लिहिता येत नाही हे माहीत असून लिहिलं.

सून बरेच दिवस फिरकली नाही. तिने वाचायला नेलेली कादंबरी मुदतीबाहेर गेली, पण मला फोन करायचा धीर होईना. भर उन्हाळ्यात ती आली, कादंबरी टेबलावर ठेवली. मी न बोलता स्क्रीन वळवली. तिने दोन्ही नावं वाचली, पुढचा शब्द वाचला.

“लेखिका?” ती म्हणाली. “पुस्तक बघून लोकांचे फोन येतात, कुरडई लाल पडते म्हणून. आजवर आईंकडे द्यायचे मी ते. आता मलाच घ्यावे लागतील.”

ती खूश होती की वैतागली होती, मला कळलं नाही. दंड भरून तिने दुसरी कादंबरी घेतली आणि जिना उतरून गेली.