काठावरच्या चपला

ती दुपार मी अजून विसरलेले नाही. शिपाई म्हणून भरती झाले, उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झाले. मधल्या वर्षांतलं पुष्कळ काही पुसून गेलंय, पण धरणाच्या काठावर ओळीने काढून ठेवलेल्या त्या चपला आहेत तिथेच आहेत.

थंडी सरत आली होती. मी तेव्हा सहायक उपनिरीक्षक होते. रविवार असल्यामुळे ठाण्यात वर्दळ कमी. ठाणे अंमलदारांनी फोन घेतला आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. ती मान कशी हलते यावरून आम्हाला कळायचं, की चहा तसाच ठेवून उठायचंय. धरणाच्या पाण्यात सहा वर्षांचा मुलगा पडला, होडीवाल्याला लोकांनी धरून ठेवलंय, असा निरोप होता. स्टेशन डायरीला नोंद केली, अग्निशमन दलाला कळवलं आणि हवालदारांना घेऊन मी जीपमध्ये बसले.

बोईसरच्या पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी ते धरण आहे. नवापूरचा एक मच्छीमार तिथे कुटुंबांना होडीतून मासे धरायला नेत असे. समुद्रात पूर्वीसारखं मिळेना, म्हणून त्याने लहान होडी धरणावर आणली आणि फोनवर जाहिरात टाकली. गळ त्याचा, गांडुळं त्याची, मुलांना शिकवणारही तोच. गळाला चिलापी मासा लागला की पोरं अशी किंचाळायची की काठावरच्या शेळ्या पळायच्या. बोईसरच्या कारखान्यांतली, वसाहतींतली मंडळी सुट्टीला हौसेनं यायची.

आम्ही पोचलो तेव्हा गर्दी जमलेली. होडीवाला खाली बसला होता, ओठ फुटलेला. समोर मुलाचे वडील. कारखान्यात सुपरवायझर, मूळचे जळगावकडचे. त्यांची बायको चिंचेच्या झाडाखाली, पुढ्यात पसरलेल्या डब्यांकडे बघत बसलेली. दहा-अकरा वर्षांची मुलगी तिला चिकटून होती.

वडिलांनी जबाब दिला तो अगदी ठाम. "मॅडम, मुलगा माझ्या मागेच बसला होता. मी स्वतः उचलून बसवला त्याला. परत काठाला लागलो तर नाही! याने त्याला जॅकेटसुद्धा दिलं नव्हतं."

होडीवाला म्हणाला, "मॅडम, पोरगा होडीत चढलाच नाय. बाप आन् पोरगी, दोघंच. मी गांडुळांचा डबा आणाया गेलतो. आलो तवा पोरगा दिसला नाय, मला वाटलं आईकडं गेला."

"खोटं बोलतोय हा!" गर्दीतून आवाज आला. "द्या अजून दोन!"

बायकोला विचारलं, तर तिने फक्त एवढंच सांगितलं, "दोघांना घेऊन हे पाण्याकडे गेले. परत ही एकटीच आली, ताई." 'एकटीच' म्हणताना तिने मुलीचा हात इतका घट्ट धरला, की पोरीने तोंड वाकडं केलं.

आता तुम्हीच सांगा, कुणावर विश्वास ठेवायचा? एका बाजूला शिकलेला बाप, स्वतःचं मूल गेलेलं. दुसऱ्या बाजूला ज्याच्या होडीवरून मूल गेलं तो. कुणीही बापाचंच खरं धरणार. मीही तेच धरलं. अग्निशमन दलाची गाडी यायला वेळ होता, म्हणून तोवर त्याच होडीतून पाणी बघावं, असं ठरवलं.

मी घिवलीकडच्या मच्छीमाराची मुलगी. होडीला आमच्यात देवीसारखं मानतात, चपलेचा पाय तिच्यावर पडू देत नाहीत. या होडीच्या टोकालाही हळद-कुंकू होतं, झेंडूची सुकलेली माळ होती. मी न बोलता बूट काढले, मोज्यांसकट. लहानपणाची सवय, दुसरं काही नाही. हवालदार मात्र बुटांसकट पाय टाकायला गेले. तसा तो होडीवाला, फुटक्या ओठाने, म्हणाला, "भाऊ, बूट."

हवालदार भडकले. "इथं पोराचा जीव गेलाय अन् तुला बुटांचं पडलंय?"

"माजा बाप असता तरी काडाया लावले असते, भाऊ."

हवालदारांनी माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं आणि पुटपुटत बूट काढले. मी माझे बूट ठेवायला वळले आणि तिथेच थांबले. काठावर आधीपासून एक ओळ होती. वडिलांचे स्पोर्ट्स शूज, मुलीची बक्कलवाली सँडल, होडीवाल्याची झिजलेली स्लीपर. वडील इतके गडबडलेले, की परत आल्यावर अनवाणीच फिरत होते. मुलगीही तशीच.

मुलाचं काहीच नव्हतं तिथे.

मी वडिलांना विचारलं, "मुलाच्या पायात काय होतं?"

"बूट. नवीन होते. टाचेला लाल लाइट लागणारे."

"मग ते कुठायत?"

"घालूनच चढला तो," ते पटकन म्हणाले. जरा जास्तच पटकन.

मी होडीवाल्याकडे पाहिलं. त्याला काही विचारायची गरज नव्हती. एवढा मार खाऊन जो माणूस हवालदाराला बूट काढायला लावतो, तो एका पोराला बुटांसकट चढू देईल?

वडिलांना मी जीपच्या पलीकडे नेलं, बायकोला ऐकू जाणार नाही इतक्या लांब. चौकशी म्हणजे दरडावणं असं लोकांना वाटतं. पण समोरच्याला खरं बोलायला जागा करून द्यावी लागते, आणि ती जागा घरच्यांसमोर क्वचितच असते. मी त्यांना मुलाचं विचारलंच नाही. म्हटलं, "बुटांवरून तुमचं काय बोलणं झालं?"

ते जीपच्या बॉनेटवर हात टेकून खाली बघत म्हणाले, "काढायला तयारच होईना. नवीन आहेत, कुणी नेतील म्हणून रडायला लागला. आधीच्या फेरीची मंडळी जाता जाता बघत होती, मॅडम. माझं डोकं फिरलं. म्हटलं, मग बस इथंच बोंबलत."

"आणि?"

"आणि वळून होडीत बसलो. वाटलं, आईकडं जाईल. परत आलो तर हिने विचारलं, बाळ कुठाय? माझ्या तोंडातून निघून गेलं, माझ्यासोबतच होता. नंतर... नंतर मला खरंच वाटायला लागलं की होता. आता हिला कसं सांगू मी?"

"ते नंतर. आधी मला सांगा, तुम्ही वळलात तेव्हा तो कुठे तोंड करून उभा होता?"

त्यांनी हात केला. पाण्याकडे नाही, रस्त्याकडे.

इतका वेळ आम्ही सगळे पाण्याकडे बघत होतो! आणि दिवस कलत होता. मी त्यांच्या मुलीपाशी उकिडवी बसले. "बाळा, तुझा भाऊ रागावला की काय करतो गं?"

तिने आधी वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी मान डोलावली. त्यांना ते किती जड गेलं असेल, ते मी बघत होते.

"चालायला लागतो," ती म्हणाली. "घरी जातो मी, म्हणतो. एकदा शाळेतून पण निघाला होता." मग हळूच म्हणाली, "मी सांगणार होते. पण पप्पा म्हणाले ना, की तो होडीत होता."

गर्दीला कामाला लावलं. ज्यांनी मारलं होतं त्यांनाही. होडीवाला आपणहून निघाला. एक तुकडी रस्त्याने, एक धरणाच्या भिंतीकडे, आणि मी, हवालदार, बापलेक असे गाडीवाटेने. त्या बाजूला वीटभट्ट्यांसाठी माती काढतात. माणूसभर खोल खड्डे, कडा सरळ कापलेल्या, वर गवत माजलेलं. हाका मारत चाललो. वारा असा उलटा, की आमचाच आवाज आमच्याकडे परत येत होता. दिवेलागण झाली. पलीकडे पाड्यावर चुली पेटल्या. वडिलांचा आवाज बसला होता. माझा चेहरा कुणाला दिसू नये, म्हणून मी पुढे पुढे चालत होते.

तेव्हा ती मुलगी एकदम थांबली. तोंडाभोवती हात धरून ओरडली, "पाय आपट! ऐकलंस का, पाय आपट!"

आम्हाला काही कळेना. ती पुन्हा ओरडली. आणि डाव्या हाताच्या खड्ड्यात, गवताच्या मुळांशी, काहीतरी लाल लुकलुकलं. विझलं. पुन्हा लुकलुकलं.

हवालदारांनी उडीच मारली. वर आले ते पोराला खांद्यावर टाकून. गुडघे सोललेले, रडून रडून घसा पार बसलेला, चेहरा मातीने माखलेला. बापाने हात पुढे केले, तर पोरगं आवाज नसलेल्या घशातून म्हणालं, "मी बूट नाही काढणार."

"नको काढू रे, नको काढू," म्हणत तो माणूस तिथेच मातीत बसला.

काठावर आल्यावर त्यांनी बायकोला स्वतः सांगितलं. मला सांगायला लावलं नाही, याचं मला बरं वाटलं. तिने ऐकून घेतलं. मुलाला कमरेवर घेऊन ती आधी होडीवाल्याकडे गेली आणि त्याच्यापुढे हात जोडले. नवऱ्याशी ती तेव्हा बोलली नाही. पुढे घरी काय बोलली असेल ते असेल.

होडीवाल्याला मी म्हटलं, "मारलंय तुला. तक्रार द्यायची तर लिहून घेते."

तो म्हणाला, "माराचं ऱ्हाऊ द्या. येवढं लिवा मॅडम, का माज्या होडीवरना कोण पडला नाय."

मी तसंच लिहिलं, त्याच्याच शब्दांत.

मूल हरवलं की शेवटचं कुठे दिसलं, हे सगळेच विचारतात. आम्हाला तेच शिकवलं होतं. त्या दिवसानंतर मी आणखी एक प्रश्न विचारायला लागले. तुम्ही त्याच्याशी शेवटचं काय बोललात? या प्रश्नाला लोक पटकन उत्तर देत नाहीत. खाली बघतात. पण पुष्कळदा मूल त्या उत्तराच्याच वाटेवर सापडतं. आणि दुसरं हे, की खोटं बोलणारा प्रत्येक माणूस वाईट नसतो. कधी कधी तो आपल्याच बोलण्याला एवढा घाबरलेला असतो, की दुसऱ्याचा बळी जातोय हेही त्याला दिसत नाही.

निवृत्तीनंतर मी लेक, जावई आणि नातीला घेऊन त्या धरणावर गेले. तोच होडीवाला, आता केस पिकलेले. मला ओळखून हसला. नात सँडल काढायला वाकली, तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे बाय. बारक्यांना सूट हाय. मी होडीला इचारलंय." मग जावयाकडे वळून, "तुमी काडा."

जावयाने मुकाट्याने बूट काढले. येताना गाडीत, डबा सांडला म्हणून तो पोरीवर ओरडला होता, आणि तेव्हापासून दोघं एकमेकांकडे बघत नव्हती. तो होडीत पाय टाकणार एवढ्यात मी त्याचा दंड धरला.

"आधी तिच्याशी बोल," मी म्हटलं. "मग चढ."

होडीवाला दोर हातात धरून उभा होता. त्याला काही घाई नव्हती.