मिरच्यांच्या ढिगातली बाहुली
वाळत्या मिरच्यांचा ठसका लागला की आजही माझा हात आधी कमरेकडे जातो. तिथे परकराच्या नेफ्यात माझी चिंध्यांची बाहुली खोचलेली असायची. मला अकरावं लागलं होतं, आणि त्या दुपारी मला बघायला पाहुणे आमच्या गावी, रनाळ्याला, यायचे होते. लांबून त्यांची बैलगाडी दिसताच आईने माझा दंड धरला. "ती बाहुली दपाडी दे! त्यासनी देखी तं म्हनतीन, पोर आजून धाकली शे. सोयरीक मोडनी तं मी तुले सोडाव नही." मी घाबरून अंगणातल्या मिरच्यांच्या ढिगात बाहुली खोल खुपसली. मुलाची आई गाडीतून उतरली ती थेट ढिगाकडेच गेली. आमच्याकडे मिरची नुसती वरून कोणी बघत नाही. कोपरापर्यंत हात घालून खालची ओल बघतात. तिनेही हात घातला, आणि तो आतच थांबला. तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं. मग रिकामा हात बाहेर काढून वर चार मुठी मिरच्या लोटल्या आणि आईला म्हणाली, "मिरची कोरडी शे. पोर बी आमले पसंत शे." त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं. त्या बाईने मला वाचवलं, असं मी कितीतरी वर्षं मानत आले. आता नातीच्या बाहुलीला टाके घालताना वाटतं, तिने माझी बाहुली सगळ्यांसमोर बाहेर ओढली असती, तर मी वाचले असते.