अक्काबाईची दाढ आणि आंबेमोहराचं बी

उत्रोलीच्या त्या आळीत भात वाळलं की नाही हे अक्काबाई ठरवायची. खळ्यावरचा एक दाणा उचलायचा, डाव्या दाढेखाली धरायचा आणि चावायचा. कट्‌ आवाज आला की वाळलं; दाणा नुसता चेपला तर अजून दोन उन्हं द्यायची. शेजारपाजारचेही गिरणीत जाण्याआधी मूठभर भात घेऊन तिच्या ओट्यावर यायचे, आणि म्हातारी अशा थाटात चावायची, जणू गावचा न्यायनिवाडाच चाललाय.

तिचा स्वतःचा जीव मात्र बी राखायच्या एका लहान कणगीत अडकलेला. गुंजवणी नदीकाठची त्यांची भातखाचरं धरणाच्या पाण्यात गेली, तेव्हा तिच्या नवऱ्याने, कोंडिबाने, शेवटच्या पिकातलं आंबेमोहराचं बी पोत्यात बांधून उत्रोलीला आणलं होतं. "जमीन गेली, बी हाय," म्हणायचा. तो गेल्यावरही ती दरसाल एका खाचरात तेच लावायची आणि त्यातलंच पुढच्या सालाला राखायची. बाकी सगळ्यांनी कधीच दुसरं भात धरलं होतं. हे बी आता तिच्याच घरात उरलं होतं.

गेल्या दसऱ्याच्या सुमाराला तिच्या दातांनी दगा दिला. गार पाण्याचा घोट घेतला की कळ थेट मस्तकात जायची. सून वनिता तिला एसटीने भोरला घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी तोंड बघितलं आणि म्हणाल्या, "आजी, दातावर वरून कडक कवच असतं. मिश्रीनं घासघासून तुमचं झिजलंय. झिजलं ते परत येत नाही, उरलंय तेवढं राखायचं. मिश्री बंद. मऊ ब्रश, ही पेस्ट, आणि हलका हात. आंबट खाल्लं तर लगेच घासू नका, आधी साध्या पाण्यानं चूळ भरा. महिन्या-दोन महिन्यांत कळ कमी होईल."

अक्काबाईने मान डोलावली आणि घरी येऊन ब्रश फळीवर ठेवून दिला. तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करायची सवय तिला नवी नवरी असल्यापासूनची. शिवाय मिश्री लावली की दाढ घटकाभर बधिर व्हायची. मग ती जास्तच लावू लागली. ज्याने दात खाल्ले, त्यालाच वैद्य समजून बसली बिचारी.

"आत्याबाई, आज कितींदा लावली?" वनिता विचारायची.

"म्या? सकाळचीच तेवढी," काळ्याभोर दातांनी अक्काबाई सांगायची.

बियाचं भात वाळत घातलं होतं त्या दुपारी आभाळ भरून आलं. मुलगा कुंडलिक कणगीपाशी उभा राहून म्हणाला, "आये, बघ बरं. भरू का?"

तिने दाणा दाढेखाली धरला, जरा दाबला, आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. पुढे चावणं झालंच नाही. पण हे सांगायचं कसं? दाढ गेली म्हटल्यावर ओट्यावर कोण येणार? तिने पदर तोंडाला लावला, दाणा गालात सारला आणि म्हणाली, "झालं. भरा."

बी भरलं, कणगीचं तोंड शेणाने लिंपलं.

दुसऱ्या दिवशी अक्काबाईने मिश्रीचा डबा चुलीत ओतला. डॉक्टरीणबाईंना जे जमलं नाही ते दाढ कायमची जाण्याच्या भीतीने केलं. चार दिवस डोकं फुटायची वेळ आली, चिडचिड झाली, पण ब्रश सुटला नाही. संक्रांतीला तिने तिळाचा लाडू चावून खाल्ला. कणगीकडे मात्र ती बघायचं टाळायची. तेव्हा उघडून पुन्हा ऊन दाखवलं असतं, तर कदाचित थोडंफार वाचलं असतं. पण उघडायचं तर का ते सांगावं लागणार. झाकली मूठ तिने झाकलेलीच ठेवली.

मे सरता सरता वनिताने लिंपण फोडलं. कुबट वास आला. दाण्यांवर काळी बुरशी होती. तरी त्यांनी बी भिजवलं, गोणपाटात बांधून पेंढ्याखाली दाबून ठेवलं. गाठोडं सोडलं तेव्हा एकाही दाण्याला मोड नव्हता.

"पाणी शिरलं न्हाई, उंदीर न्हाई," कुंडलिक म्हणाला. "मग झालं कसं?"

"त्या दिशी म्या चावलंच न्हाई रं," अक्काबाई म्हणाली. "लई दुखत हुतं."

कुंडलिकने ते बी परत गोणपाटात गुंडाळलं. मग हळूच म्हणाला, "सांगायचं व्हतंस, आये. अजून चार उन्हं दिली असती. घाई कुणाला व्हती?"

तो बाहेर गेला. अक्काबाईने कणगीच्या तळातला एक दाणा काढला. इतक्या महिन्यांत तो आपसूक वाळला होता. तिने तो डाव्या दाढेखाली धरला आणि चावला.

कट्‌ आवाज आला. दाढ जराही दुखली नाही. अक्काबाई तिथेच भुईवर बसली आणि कोंडिबाचं नाव घेऊन रडायला लागली.