काकूच्या मशीनखालचा डबा

माझ्या काकाला नावं लक्षात राहत नाहीत. चेहरा मात्र एकदा बघितला की डोक्यातून जात नाही. पासपोर्टचे फोटो काढणाऱ्या माणसाला हे चालून जातं. पंचाईत माझी होते, कारण त्याच्या दुकानातलं प्रिंटिंग मी बघते आणि तो प्रत्येक फोटो स्वतः ठेवलेल्या नावाने साठवतो. ‘डावी भुवई वर’. ‘शर्ट मुलाचा’. ‘हसू आवरेना’. गिऱ्हाईक बिचारं आपलं नाव सांगतं आणि मी त्याच्या भुवया निरखत बसते.

फोटो कधी पुसायचा नाही, हा त्याचा आणखी एक हट्ट. दुकान म्हणजे एक स्टूल, मागे पांढरा पडदा आणि बारा महिने ओल धरणारी भिंत. म्हणून फोटो साठवायचा डबा त्याने घरी ठेवला होता. काळा, विटेएवढा. दुकानात बसून डबा बनवणाऱ्या कंपनीच्या ॲपमधून तो उघडायचा. मधे कुणी कंपनी आहे, हे आमच्या कधी डोक्यातच आलं नाही.

कंपनीने ईमेल पाठवले होते म्हणे. काका ईमेल उघडत नाही. त्याच्या मते महत्त्वाचं असेल तर माणूस फोन करतो. मग एका सकाळी ॲपमध्ये एकच ओळ दिसली, ‘ही सेवा आता बंद करण्यात आली आहे.’ काका गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला तो बराच वेळ उठलाच नाही.

“गेले गं सगळे,” म्हणाला. “कंपनीने दुकान गुंडाळलं, त्यात आपलेही गेले.”

मीही मान डोलावली. फोटो डब्यातून ढगात, म्हणजे कंपनीच्या क्लाउडवर, जातात आणि तिथून ते गेले, एवढीच आमची दोघांची अक्कल. घरी जाऊन त्याने डब्याची वायर काढली आणि हा आता दगड झाला म्हणून काकूच्या हातात दिला. काकू काही वाया घालवत नाही. तिच्या शिलाई मशीनचा एक पाय आखूड आहे, त्याखाली तिने तो सरकवला. काका त्यानंतर नव्या फोटोंना नावंच देईना, नुसते आकडे घालायला लागला. त्याच्याकडे बघवत नव्हतं मला.

अशात एका दुपारी बेकरीवाल्या ताई धावत दुकानात आल्या. हाताला पीठ तसंच होतं.

“दादा, बाबा सकाळपासून घरी नाहीत. हल्ली विसरतात हो ते, घरही आठवत नाही कधीकधी. चौकीत फोटो मागतायत. आमच्याकडे एक धड नाही, फोन दिसला की तोंड फिरवतात! तुम्ही काढला होतात ना पेन्शनसाठी?”

काढला होता. मला तर नावही आठवत होतं, ‘आठ्या’. काकाने हनुवटी वर करायला सांगितल्यावर आजोबांनी जे कपाळ आक्रसलं, ते शेवटपर्यंत. पण फोटो होता कुठे? काका कॉम्प्युटरमधले आकडे उगाच वरखाली करत बसला. मला तर रडूच यायचं बाकी होतं.

उशीर होईल म्हणून सांगायला मी काकूला फोन लावला आणि तिच्यापाशी सगळं भडाभडा बोलून टाकलं.

“ढगात कशाला असतील?” काकू म्हणाली. “तुम्ही तिकडे फोटो उघडलात की इकडे हा डबा घुरघुरायचा. आत काही नव्हतं तर काय, जांभया देत होता?”

मी काकाकडे बघितलं. काकाने डोक्याला हात लावला. मग आम्ही दोघांनी जी धूम ठोकली, ती दुकान उघडंच टाकून. ताई मागे.

काकूने मशीनवरचा अर्धा शिवलेला झगाही न काढता मशीन उचलून धरलं, मी खालून डबा ओढला. वायर लावली, लॅपटॉप उघडला. डबा घुरघुरला. आयुष्यात एवढं गोड काही मी ऐकलेलं नाही. ॲप नाही, कंपनी नाही, घरातल्या घरात सरळ फोल्डर उघडलं. डावी भुवई वर, शर्ट मुलाचा, सगळी मंडळी जागच्या जागी. रस्ता तेवढा बंद झाला होता, घर होतं तिथेच होतं. आणि त्यात आठ्या!

ताईंनी फोटो चौकीत पाठवला, बेकरीत पाव न्यायला येणाऱ्या बस ड्रायव्हरांच्या ग्रुपवरही टाकला. चहा गाळेपर्यंत एका ड्रायव्हरचा फोन आला.

“हे आजोबा माझ्या बसमध्येच आहेत की! सकाळपासून उतरेनात. कंडक्टरने तिकीट मागितलं की अगदी असंच बघतात.”

ताई हसता हसता रडायला लागल्या. काकाचा जीव भांड्यात पडला तो आम्हाला सगळ्यांना दिसला.

आता एक डिस्क दुकानात असते, आणि रोज संध्याकाळी तीच काकाच्या जेवणाच्या पिशवीतून घरी येऊन काळ्या डब्याला जोडली जाते. काकूच्या मशीनखाली पुठ्ठ्याची घडी आहे. काकू रोज एकदा तरी विचारते, “काय, ढगात सगळं ठीक?”

पुढच्या आठवड्यात ताई बाबांना घेऊन दुकानात आल्या. आजोबा कुणी न सांगता स्टुलावर बसले. आठ्या होत्याच.

“काढ,” म्हणाले. “आणि तू मला काय नाव ठेवलंयस ते कळलंय हं.”

काका ओशाळला. फोटो काढून कॉम्प्युटरपाशी बसला, आणि मी इतक्या वर्षांत न ऐकलेला प्रश्न त्याने विचारला. “पूर्ण नाव काय लिहू?”

आजोबांनी स्वतःचं, वडिलांचं, आडनाव असं सावकाश सांगितलं. काका एकेक अक्षर टाइप करत होता.

“नीट लिही,” आजोबा म्हणाले. “विसरलो, तर इथेच येऊन विचारणार आहे मी.”