टोचन आणि तिसरा मजला

मराठी शब्द अडला तर विचारायचं नाही, अंदाजाने भागवायचं, ही सवय मला इंग्रजी शाळेने लावली. विचारलं की लोक आधी हसतात आणि मग अर्थ सांगतात. अंदाज केला की हसणं निदान थोडं पुढे ढकललं जातं. मावसबहिणीच्या लग्नाच्या सकाळी मी ते पुढे ढकललं, ते थेट लालबागच्या चाळीच्या अंगणापर्यंत.

सकाळी मामाचा फोन आला. मामा आणि मावशी लालबागला एकाच चाळीत राहतात, मामा तळमजल्यावर, मावशी तिसऱ्या. मामा माझगावच्या गोदीतून निवृत्त झालाय, पण फोनवर अजून धक्क्यावरून बोटीवर ओरडल्यासारखा बोलतो.

"टेम्पोवाला फोन उचलत नाय. रुखवत दादरला हॉलवर न्यायचंय. तू तुझी ती बॅटरीची गाडी घेऊन ये. आणि येताना टोचन आण. समजलं?"

"हो, मामा," मी म्हटलं.

समजलं काहीच नव्हतं. पण टोचणे हे क्रियापद मला येत होतं. लग्नघर, नऊवाऱ्या, पदर, टेबलाच्या झालरी. टोचन म्हणजे टोचणारं काहीतरी. प्रभादेवीला आमच्या बिल्डिंगखालचं स्टेशनरीचं दुकान नुकतंच उघडत होतं. तिथून मी टाचण्यांच्या दोन डब्या घेतल्या आणि, कमी पडायला नको म्हणून, सेफ्टी पिनांची एक मोठी माळ. आपण किती तयारीच्या आहोत, असं वाटण्याचे प्रसंग माझ्या आयुष्यात थोडे आले आहेत. हा त्यातला एक.

चाळीच्या अंगणात पोचले तर मामा एका हातगाडीशेजारी उभा होता. मंडळाची गाडी, दोन चाकांची, पुढे लांब दांडे. तिच्यावर त्याने पितळेचं घंगाळ, समया, डब्यांची उतरंड, चौरंग आणि घाणा भरायचं दगडी जातं असा सगळा संसार रचला होता.

"आणलंस?" त्याने विचारलं.

मी डब्या पुढे केल्या.

मामाने एक डबी उघडली, आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "ह्या काय गो?"

"टोचन."

त्याचं हसू तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलं असावं, कारण तिथल्या कठड्यावर डोकी दिसायला लागली. "अगे बाय, टोचन म्हणजे दोरखंड! बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीला बांधून ओढतात ते टोचन! हातगाडी तुझ्या गाडीच्या मागे लावायची होती. आता काय टाचणीने लावू?"

मामी दारात उभी होती. ती म्हणाली, "हसताय काय? पोरगी टोचणारंच घेऊन आली. तुम्ही काय वेगळं करता दिवसभर?"

एवढ्यात मामाला घरातच कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी सापडली आणि तो माझ्या गाडीच्या मागे गुडघ्यांवर बसून बंपरखाली हुक शोधू लागला. इथे मला बोलणं भाग होतं. गाडी घेतली तेव्हा शोरूममधल्या माणसाला प्रश्न विचारायची लाज वाटली होती, म्हणून गाडीबरोबरचं जाड पुस्तक मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं. त्यामुळे मला माहीत होतं की माझ्या छोट्या गाडीला मागे काहीही जोडून ओढायची परवानगी नाही. मागून ढकलणारं वजन थांबवायला तिचे ब्रेक बनवलेले नाहीत. हातगाडीला तर ब्रेकच नाहीत, उतारावर ती आमच्या आधी दादरला पोचली असती. आणि उलट बाजूनेही तेच: अशी गाडी कधी बंद पडली, तर तिला दोरीने ओढायचं नाही, चाकं फिरली की आतली मोटर फिरते आणि बिघडते. तिला उचलून सपाट ट्रकवरच न्यावं लागतं. मला सगळं माहीत होतं. फक्त ते इंग्रजीत माहीत होतं.

"मामा, अलाउड नाहीये," मी पुटपुटले. मामा बंपरखाली होता.

"मामा, ही गाडी ओढत नाही!" मी ओरडले.

मग दुसऱ्या मजल्यावरून एक आवाज आला, "ओढत नाय? म्हणजे पिकअप गेला!" दुसरा म्हणाला, "बॅटरी उतरली असेल, धक्का मारूया." आणि बनियनवर असलेली तीन-चार माणसं धक्का मारायला जिन्याने खाली यायला निघाली. माझी कोरी, पूर्ण चार्ज केलेली गाडी चाळीच्या मते पाच मिनिटांत भंगारात गेली होती.

शेवटी सोडवलं मावशीने. ती वरून म्हणाली, "अरे, ती बांधू नको म्हणते तर नको ना बांधू! तिची गाडी आहे. आधी माझी चाळ खाली घ्या."

तर ही मावशीची चाळ. सगळा खटाटोप हिच्यासाठी होता.

लग्न ठरवायच्या बैठकीत मुलाच्या आत्याबाईंनी सहज म्हटलं होतं, "रुखवत वगैरे काही करत बसू नका हो. हल्ली थांबून बघतं कोण?" त्या चांगल्या मनाने म्हणाल्या असतील. पण मावशीने ते मनात ठेवलं. मावशीचे यजमान, माझे काका, आता नाहीत, आणि मुलगी एकच. मुलीला देण्यासारखं आपल्या हातात जे आहे ते एवढंच, असं तिने ठरवलं आणि राहती चाळच खायच्या पदार्थांतून उभी केली. शंकरपाळ्यांच्या भिंती पक्क्या पाकात चिकटवलेल्या, चकल्यांचे तुकडे लावून केलेले कठडे, चिरोट्यांचं छप्पर. गॅलरीत पाण्याची पिंपं म्हणून बेसनाचे इवलेसे लाडू, दोरीवर वाळत घातलेले पापडाचे चौकोनी कपडे. तिसऱ्या मजल्यावर डावीकडून दुसरी खोली तिची स्वतःची. तिला नारळाच्या वडीचा उंबरठा होता. खऱ्या चाळीत बहीण त्याच उंबरठ्यावर बसून अभ्यास करायची.

"त्यांनी थांबून बघितलं पाहिजे," मावशी मला म्हणाली. बाकी तिला काही नको होतं. वरपक्ष हॉलवर यायच्या आत चाळ मांडायची होती.

मामा म्हणाला, "मग बाकीचं टपावर टाकूया."

"टपावर नको," मी म्हणाले, आणि ह्या वेळी सगळ्यांना ऐकू गेलं, कारण सगळे माझ्याकडेच बघत होते. मग मी पुढचा अर्धा तास असं काही बोलले की मला माझाच आवाज परका वाटला. जातं सर्वांत खाली, डिकीत मागच्या सीटच्या पाठीला अगदी टेकवून. त्याखाली घडी घातलेली गोधडी. मामाची नायलॉनची दोरी डिकीतल्या कड्यांत ओवून वरून करकचून. घंगाळ त्याच्या बाजूला, घंगाळात समया, फटींत जुन्या साड्या. सीटच्या उंचीच्या वर काहीही नाही, नाहीतर ब्रेक लागला की ते आपल्या मानेवर. मी टायरची हवासुद्धा तपासली. मामा म्हणाला, "गोदीत आम्ही अख्ख्या लाँची ओढल्या, हवा नाय बघितली." मी म्हटलं, "लाँचीला टायर नसतात, मामा." अंगणात कोणीतरी टाळी वाजवली. एवढी दाद मला पूर्वी कधी मिळाली नव्हती. तिथेच माझं डोकं फिरलं असावं.

आता उरले डबे आणि चौरंग. ते कशातून न्यायचे ह्यावर बरीच चर्चा झाली. मग मामी म्हणाली, "टॅक्सी करूया की." आमच्या घराण्यात सोपा उपाय नेहमी शेवटी सुचतो, आणि तो बायकांना आधीच सुचलेला असतो. मामी डबे घेऊन काळ्या-पिवळ्या टॅक्सीने पुढे गेली.

माझ्या गाडीत मामा पुढे बसला आणि मावशी मागे, मांडीवर प्लायवूडची फळी, फळीवर चाळ. मी तिला पट्टा बांधला. चाळीला पट्टा कसा बांधायचा ते पुस्तकात नव्हतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ह्या गाडीत ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की ती आपणहून, ब्रेक लागल्यासारखी मंदावते आणि त्यातून थोडी वीज बॅटरीत परत भरते. हा जोर कमी-जास्त करता येतो. मी तो नेहमी सगळ्यात जास्त ठेवते, कारण वाचवलेल्या विजेचा आकडा समोरच्या पडद्यावर वाढतो आणि मला कोणीतरी वहीवर तारा दिल्यासारखं वाटतं. नाजूक सामान असेल तेव्हा तो कमी करावा, हेही मी वाचलं होतं. जातं बांधलं, समया बांधल्या, हवा बघितली. हे मात्र राहिलं.

परळपर्यंत सगळं ठीक होतं. मी इतकी हळू चालवत होते की एका हातगाडीवाल्याने आम्हाला मागे टाकलं. मामा खिडकीतून त्याच्याकडे हळहळून बघत राहिला. "बघ," तो म्हणाला, "टोचनशिवाय जातोय."

हिंदमाताजवळ एक माणूस चहाची किटली घेऊन रस्त्यात उतरला. अजून लांब होता. मी ब्रेकला हातही, म्हणजे पायही, लावला नाही. नुसता पाय उचलला, रोजच्या सवयीने, पटकन.

गाडीने मान खाली घातली. डिकीतलं जातं तसूभरही हललं नाही. मावशी म्हणाली, "अगो बाई!" आणि मग मागून पाऊस पडावा तसा शंकरपाळ्यांचा आवाज आला.

मी आरशात बघितलं. मावशीने दोन्ही हात चाळीभोवती घातले होते. पहिला मजला उभा होता, दुसरा उभा होता. तिसरा तिच्या शालूच्या ओच्यात होता, छपरासकट.

"सॉरी मावशी. सॉरी. मी..." पुढचं मला कुठल्याच भाषेत आलं नाही.

मावशीने ओच्यातून नारळाच्या वडीचा उंबरठा शोधून काढला, तो धड होता, आणि रुमालात बांधून कमरेला खोचला. मग मामाने हात मागे नेला आणि गॅलरीचा एक तुकडा तोंडात टाकला. "चकली खुसखुशीत झालीय," तो रस्त्याकडे बघत म्हणाला. मावशीने त्याच्या हातावर चापट मारली, आणि गाडीत परत श्वास घेता आला.

हॉलवर मामीने टेबल मांडून ठेवलं होतं. मध्ये चाळ ठेवली. वरची बाजू मोडलेल्या दातासारखी दिसत होती. मावशी पदराने कडा झाकत होती, पुन्हा उघडत होती. बाहेर सनई सुरू झाली. "राहू दे," ती म्हणाली, "टेबलाखाली ठेवूया." हे तिने ज्या आवाजात म्हटलं, तो मला ऐकवेना.

"अंडर रीडेव्हलपमेंट आहे असं सांगूया का?" मी म्हणाले.

तिघंही माझ्याकडे बघायला लागली. मग मामी फसकन हसली. "खरंच की! चाळीचं काय खोटं आहे त्यात?"

मिठाईच्या खोक्याचं पुठ्ठ्याचं झाकण फाडलं आणि पेन माझ्या हातात आलं. माझं मराठी अक्षर चौथीतच थांबलंय. मी मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'पुर्नविकासाचे काम चालू आहे. रहिवाशांनी सहकार्य करावे.' पाटी टेबलाच्या झालरीला लावायची कशाने, असा प्रश्न आला. मामाने खिशातून माझी टाचण्यांची डबी काढली आणि माझ्यासमोर अशी धरली, जशी लोक अंगठी धरतात.

वरपक्ष आला. पुढे आत्याबाई होत्या, निवृत्त मराठी शिक्षिका. त्या टेबलावरून पुढे जाणार होत्या. जातच होत्या. मग थांबल्या. चष्मा लावला. पाटी वाचली, पुन्हा वाचली.

"हे कोणी लिहिलं?"

मामाने माझ्याकडे बोट केलं. सख्खा मामा.

"मजला पडला तो पडला," आत्याबाई म्हणाल्या, "पण हा रफारही एक घर अलीकडे पडलाय. तो 'वि'च्या डोक्यावर हवा." त्यांनी पर्समधून पेन काढून तो उचलून जागेवर बसवला. वजन कुठे ठेवायचं हे जगाला शिकवत सकाळभर फिरले, आणि माझ्याच पाटीवरचं वजन चुकीच्या ठिकाणी होतं.

मग त्या वाकून चाळ बघायला लागल्या. पिंपं, कठडे, पापडाचे कपडे. "अगं बाई, हे वाळत घातलेलं बघा!" त्यांनी मागच्यांना बोलावलं. मागच्यांनी आणखी मागच्यांना. टेबलाभोवती एवढी गर्दी झाली की गुरुजींना माइकवरून हाका माराव्या लागल्या.

"आणि तिसरा मजला कधी देणार?" आत्याबाईंनी विचारलं.

मावशी ताठ उभी होती. "ताबा मुलीकडे दिलाय," ती म्हणाली आणि कमरेचा रुमाल सोडून नारळाची वडी त्यांच्या हातावर ठेवली. "तिच्या खोलीचा उंबरठा आहे. सांभाळा."

आत्याबाई हसता हसता थांबल्या. ती वडी त्यांनी खाल्ली नाही. पर्समध्ये ठेवली.

संध्याकाळी पाठवणी झाली. चाळही दोन मजल्यांनिशी मुलीबरोबर गेली. त्यांच्या गाडीत ती कशी बांधावी हे सांगायला मी पुढे झाले होते, पण धीर झाला नाही. आत्याबाईंनी स्वतःच ती मांडीवर घेतली.

परतताना मामा पुढे आणि मावशी मागे, सकाळच्याच जागांवर. आता मी पाय उचलल्यावर मंदावण्याचा तो जोर सगळ्यात कमी करून ठेवला होता. हिंदमाताशी आलो तेव्हा पुढची बस थांबली आणि मी पाय उचलला, ह्या वेळी अगदी हळू. गाडी सावकाश मंदावली. कोणाला कळलंही नसतं.

मी आरशात बघितलं. मावशीचे दोन्ही हात पुढे आले होते आणि रिकाम्या मांडीवर, काहीतरी पडू नये म्हणून, गोल धरले होते.

मामानेही मागे वळून बघितलं. तो काहीतरी टोचून बोलेल असं मला वाटलं. पण त्याने नुसतं म्हटलं, "हळू घे गो. घाई नाय आपल्याक."