पोळ्यापासून अटकलेला घास

माझी मोठी जाऊ सगळ्यांची जेवणं झाल्यावर जेवायची. त्यामुळे तिला भाकरी गिळता येत नाही, हे घरात कुणाच्या ध्यानातच आलं नाही. मला कळलं ते शेतात तुरी सोंगताना, कापणीच्या दिवसांत. बांधावर आम्ही दोघीच जेवायला बसलो होतो. पहिल्याच घासाला ती थांबली, गळा धरला, डोळ्यांत पाणी आलं. घास तिनं बाजूला थुंकून टाकला.

"ताई, काय झालं?"

"काई नाई वं. घास अटकते."

"कधीपासून?"

"पोळ्यापासून. कोणाले सांगू नको."

त्या दिवसापासून मला चैन पडेना. तिचं झंपर ढगळ झालेलं आता दिसायला लागलं. ती सुपारी-तंबाखूचा खर्रा खात नाही, तंबाखू लावत नाही, असं मी स्वतःलाच समजावायची; तरी मनात कॅन्सरच यायचा.

"तूर निघू दे, मंग जाऊ," ती म्हणाली. मी थांबले नाही. यवतमाळच्या एसटीत ती झोपली. मी खिडकी उघडत होते, लावत होते.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, नखं पाहिली. "माती, कच्चे तांदूळ, असं काही खाता?"

जाऊ माझ्याकडे पाहायला लागली. "तांदूय खातो. निवडता निवडता."

तिला दुर्बिणीच्या तपासणीला आत नेलं, तेव्हा मी व्हरांड्यात येरझारा घालत होते. बाकावरच्या एका बाईनं दोनदा "बसा" म्हटलं. बसवेना.

अन्ननलिकेच्या तोंडाशी पातळ पडदा धरला होता. अंगात रक्त कमी, लोह कमी, त्यानं तसं होतं म्हणे; कच्चे तांदूळ खावेसे वाटतात तेही त्यानंच. तो तिथंच मोकळा केला. तुकडा तपासायला पाठवला, त्यात वाईट काही निघालं नाही.

"सगळ्यांचं असं साधं नसतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पित्तानं नळी आखडते, लकव्यानंतर गिळणं बिघडतं, कधी गाठ असते. घास अटकतो, वजन उतरतं, तर इतके महिने काढायचे नाहीत. थुंकीही गिळता येईना, तर त्याच दिवशी यायचं."

लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळं झालं, तर तिनं घाबरून गोळ्याच बंद केल्या. मी दवाखान्यात फोन करून विचारलं; लोहानं तसं होतंच, म्हणाले, आणि मी गोळ्या पुन्हा सुरू करवल्या. आता भाकरी उतरते. पुन्हा तपासायला बोलावलंय.

"आता कायले जायचं?" ती म्हणते.

मी तिचं ऐकणार नाही.