अण्णांचा अंगठा

अण्णा रामराम करायच्या आधी माणूस दाबून बघत. वैजापूरच्या मार्केट यार्डात ते कांद्याचे अडते होते आणि अंगठ्यानं कांदा दाबायची सवय त्यांच्या हाडात मुरली होती. कडक कांदा चाळीत टिकतो, मऊ आधी सडतो. एवढं एकच शास्त्र त्यांनी मला शिकवलं आणि तेच माझ्यावर चालवलं. मी त्यांच्याकडं कामाला लागलो त्या दिवशी भर लिलावात माझा दंड दाबून म्हणाले, "मऊ हाय. टिकायचा नाय." सगळं यार्ड हसलं.

मी टिकलो. व्यापाऱ्यांशी भांडून भाव चढवून आणू लागलो, तर म्हणत, "आवाज चढवला म्हणून कुणी कडक व्हत नाय रं." पुढं मी स्वतःची अडत टाकली. अण्णा आले, पूजेचा नारळ दाबून बघितला, परत ठेवला आणि माझ्याशी न बोलता गेले. त्यांच्या तोंडून एकदा 'कडक' ऐकायचं, ही माझी हाव तेव्हापासूनची.

पुढं त्यांना अन्न जाईना. दारूला ते कधी शिवले नव्हते, साखरेचा आजार मात्र जुना. डॉक्टरनं लिव्हर तपासून आणायला सांगितलं. त्यांची पोरं वाळूजला कंपनीच्या शिफ्टमध्ये अडकलेली, म्हणून गारखेड्याच्या तपासणी सेंटरला मी नेलं. मशीनवाल्या बाईनं बरगड्यांमध्ये दांडी टेकवली. टक, टक.

"हा हिसका लिव्हरमधून किती वेगानं पळतो, त्यावरून ते किती कडक झालंय ते कळतं," ती म्हणाली.

"म्हंजे दाबूनच बघताय की," अण्णा खूश झाले.

आकडा बघून तिचा चेहरा उतरला. "खूपच कडक आहे, बाबा."

अण्णा माझ्याकडं वळले. "ऐकलंस?"

गाडीत मी ठणकावून सांगितलं, जरा चवीनंच. "अण्णा, लिव्हर मऊच लागतं. तुमचं दगड झालंय. गोळ्या घ्या, पथ्य पाळा."

"मऊ माणूस मऊचीच बाजू घेणार," ते म्हणाले. गोळ्या पडून राहिल्या. मशीननं आपल्याला पास केलं, हे मात्र यार्डभर सांगून झालं.

शेवटी भेटायला गेलो तेव्हा अण्णा खाटेला खिळले होते. मी दंड पुढं केला. त्यांनी अंगठा ठेवला. त्यात जोर उरला नव्हता.

"कसा लागतो, अण्णा?"

"मऊ."

मी तर सगळा जोर लावून दंड आवळला होता.

दुसऱ्या दिवशी तिरडीवर घेताना मी त्यांचा दंड दाबून बघितला. कडक लागला. लोक रडत होते. मला पुन्हा हरल्यासारखं वाटलं.